मुशीत काय उरते

धंद्याला मराठीत व्यवसाय म्हणतात, पण त्या शब्दाचा मूळ अर्थ सहसा कुणाच्या ध्यानात नसतो. संस्कृतात ‘वि’ आणि ‘अव’ हे दोन उपसर्ग ‘सो’ या धातूला लागून तो बनतो आणि त्याचा अर्थ होतो निश्चय. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४१व्या श्लोकात ‘व्यवसायात्मिका बुद्धी’ येते ती याच अर्थाने. ज्याचे ठरले आहे त्याची बुद्धी एक असते आणि ज्याचे ठरलेले नाही त्याच्या बुद्धीला फाटे फुटतच राहतात, असा त्या श्लोकाचा आशय. अशा फाटे फुटलेल्या बुद्धीसाठी तिथे ‘बहुशाखा’ हे विशेषण आहे. गंमत अशी की दुकानाची दुसरी शाखा निघाली की आपल्याकडे पेढे वाटतात, आणि गीतेत मात्र शाखा फुटणे हे अनिश्चयाचे लक्षण ठरते. लहान धंदा वाढवायचा तर त्यातल्या वस्तू आणि सेवा कमी कराव्यात, हा अलीकडच्या व्यापारी सल्ल्यातला आवडता उपाय आहे. त्यामागचा प्रश्न व्यापाराहून बराच जुना आहे. सोडल्याने वाढते ते काय, आणि वाढण्यासाठी सोडले तर त्या सोडण्याला त्याग म्हणायचे की हिशेब?

या प्रश्नाचे एक रोकडे उदाहरण सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात आहे. कराडहून विट्याकडे जाताना लागणारे कडेगाव, पलीकडचे खानापूर आणि आटपाडी, खाली तासगाव आणि कवठेमहांकाळ, वर सातारा जिल्ह्यातले माण आणि खटाव, हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. कृष्णा फार लांब नाही, पण नदी खाली आणि शेत वर. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी वर चढेपर्यंत घरातल्या सगळ्या तोंडांना पुरेल अशी शेती इथे बहुतेकांच्या नशिबी नव्हती. माणसे बाहेर पडली. कुणी मुंबईच्या गिरणीत गेले, कुणी फौजेत, आणि एक मोठा लोंढा गेला गलाईच्या धंद्यात.

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळणे. जुना, मोडीत काढलेला दागिना वितळवायचा, त्यातले तांबे-चांदी वेगळे काढायचे आणि शुद्ध सोन्याची लगड करून परत द्यायची. विटा हे या धंद्याचे माहेर समजले जाते. कडेगाव तालुका पूर्वी खानापूर तालुक्याचाच भाग होता, त्यामुळे त्या माहेरात त्याचाही वाटा आहे. आज देशाच्या कोणत्याही टोकाच्या शहरात सराफ पेठेच्या मागच्या गल्लीत शिरले तर भट्टीशेजारी माणदेशी वळणाची मराठी कानावर पडण्याचा संभव बराच असतो. दुकान म्हणजे बहुधा एक खोली. एक भट्टी, चार मुशी, काटा, तेजाबाच्या बरण्या, हात धुवायचे पाणी. काचेची कपाटे नाहीत, मखमली पेट्या नाहीत, दारात तोरणही क्वचितच.

हा गलाईवाला काय करत नाही, ते पाहण्यासारखे आहे. तो दागिने घडवत नाही. मूळ स्वरूपातल्या गलाईत तो नवा दागिना विकत नाही, गहाण ठेवून घेत नाही, हिरे-मोती पारखत नाही. गिऱ्हाईकही त्याच्याकडे थेट घरगुती कमीच येते. येतो तो सराफ आणि सोनार. सोन्याच्या व्यवहारात जितकी म्हणून कामे असतात त्यांतले एकच काम त्याने उचलले आणि बाकीची दुसऱ्यांवर सोडली. पुढे काही कुटुंबांनी जुने सोने खरेदी करण्याचा व्यवहार जोडला, काहींनी सराफी पेढ्या काढल्या, हेही खरे. पण धंदा पसरला तो ह्या एका कामाच्या बळावर.

त्या कामाची रीत नीट पाहिली तर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकालाही थबकावे लागते. बावीस कॅरट दागिन्यात हजारात ९१६ भाग सोने असते. उरलेले तांबे आणि चांदी. हे मिश्रण नुसते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकून भागत नाही. सोने इतके दाट असते की आम्ल आतल्या चांदी-तांब्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून सोन्यात आधी आणखी चांदी घालतात, सोने एकूण वजनाच्या चौथाईवर येईल इतकी. शंभर ग्रॅम बावीस कॅरट दागिन्यांसाठी ही चांदी सुमारे २६७ ग्रॅम भरते. टाकणखार घालून सगळे एकत्र वितळवतात. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी त्याच्या शंभरेक अंश आधी. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात आणि ते दाणे तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबे विरघळून जातात. तळाशी राहतो तो तपकिरी चुरा, ज्याच्याकडे पाहून अजाण माणूस तो झाडून टाकील. तो धुऊन पुन्हा मुशीत घातला की पिवळे सोने.

म्हणजे शुद्धीची पहिली पायरी भेसळीची आहे. अद्वैत वेदान्तात याच रीतीला नाव आहे, अध्यारोप आणि अपवाद. ज्याला गुण नाहीत त्या ब्रह्मावर आधी मुद्दाम गुण लादायचे, म्हणजे शिष्याच्या बुद्धीला धरायला काहीतरी मिळते, आणि मग ते एकेक करून काढून घ्यायचे. शंकराचार्यांनी गीतेच्या तेराव्या अध्यायावरील भाष्यात ही रीत संप्रदाय जाणणाऱ्यांची म्हणून सांगितली आहे. याज्ञवल्क्याचे ‘नेति नेति’ हेही हवेत केलेले नाही-नाही नव्हे. आधी काही मांडलेले असते, तेच नाकारले जाते. धंदा सोपा करण्याच्या चर्चेत ही पायरी बहुधा गाळली जाते. ज्याने कधी पुष्कळ केले नाही त्याला काय सोडावे ते कळत नाही. दहा गोष्टी विकून पाहिलेल्या दुकानदाराला त्यांतली कोणती आपली हे समजते. पहिल्या दिवसापासून एकच वस्तू घेऊन बसलेल्याचे साधेपण हे पुष्कळदा निव्वळ अनुभवाचे दारिद्र्य असते.

दुसरी गोष्ट नाम आणि रूपाची. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला समजावतो की सोन्याचा एक गोळा ओळखला की सोन्याचे जे जे काही आहे ते ओळखले जाते. आकार हे नुसते नाव. ज्ञानदेवांनी ‘चांगदेव पासष्टी’त हाच दृष्टान्त फिरवून घेतला. सोन्याचे सोनेपण तसूभर कमी न होता ते दागिना होते, यावर त्यांचा भर आहे, कारण त्यांना जगाला खोटे ठरवायचे नव्हते. गलाईवाला रोज उद्दालकाच्या बाजूला उभा असतो. आजीची ठुशी, कुणाचे मोडलेले मंगळसूत्र, पोराच्या बारशाची साखळी, त्याच्या लेखी हा सगळा अमुक टंचाचा माल. टंच म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, आणि त्याच्या दुकानात प्रत्येक वस्तूला विचारला जाणारा प्रश्न तेवढाच. यात एक निष्ठुरपणा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. दागिन्याला चिकटलेल्या आठवणींची किंमत मुशीत शून्य होते. धंदा एका प्रश्नावर आणणे म्हणजे बाकीच्या प्रश्नांना उत्तर न देण्याची मुभा स्वतःला घेणे, आणि ज्ञानदेवांची बाजू घेणाऱ्याला ती मुभा सहज पचणार नाही.

तरीही ही निष्ठुरता उपयोगाची ठरली, कारण सोन्याच्या धंद्याचे मूळ दुखणे संशय हे आहे. सोनार सख्ख्या नातलगाच्या सोन्यातूनही काढून घेतो, असे गावोगाव म्हणतात. पंढरपूरच्या नरहरी सोनारांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात सोनारकामाची हत्यारे साधनेची रूपके होतात. बागेसरी, मूस, फुंकणी, हातोडा, कातर, ताजवा, काहीही सुटत नाही. विशेष म्हणजे त्यात सोन्याची चोरीही येते, फक्त चोरलेले सोने रामनामाचे असते. आपल्या जातीवरचा आळ संताने असा हसत पदरात घेतला. आख्यायिकेतही नरहरींची कसोटी मापावरच लागते. विठ्ठलाच्या कमरेचा कडदोरा एकदा आखूड, एकदा लांब होतो, आणि कट्टर शैव असल्याने ते अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून माप घेतात. माप चुकले की विश्वास जातो, ही सोनाराची कायमची भीती कथेच्या तळाशी आहे.

दागिना घडवणाऱ्याचे माप तपासणे अवघड असते. घडणावळ किती, घट किती, डाग किती, खडे किती वजनाचे, प्रत्येक बाब हा वादाचा दरवाजा. गलाईत हे दरवाजे बंद होतात. सोने आले तेव्हाचे वजन आणि टंच, गेले तेव्हाचे वजन आणि टंच, मधली मजुरी. शंका आली तर शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या काट्यावर टाकता येते. आता तर क्ष-किरणांनी टंच सांगणारी यंत्रे आली आहेत. सोपेपणाने इथे जे साधले ते स्वस्ताई किंवा वेग एवढेच नाही. काम इतके उघडे झाले की परमुलखातल्या, परभाषेतल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या हाती सोने देण्याचे धाडस सराफाला झाले. बौद्ध आणि इतर परंपरांत शास्त्याच्या वचनाला सोन्याची उपमा देतात. तापवून, कापून, कसाला लावून पाहावे आणि मगच घ्यावे, केवळ आदरापोटी नव्हे. ज्याला तसे पाहू देणे परवडते त्यानेच धंदा सोपा करावा. ज्याचा नफा गुंतागुंतीत दडलेला आहे त्याला सोपेपणा बुडवील.

वाढ झाली ती कशी, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. एक दुकान मोठे होत गेले नाही. दुकाने अनेक झाली. दागिने घडवण्याची कला हातात यायला लहानपणापासूनची वर्षे लागतात आणि ती बहुधा घरातच राहिली. गलाईचे काम मात्र गावाकडचा शेतकऱ्याचा पोर चुलत्याच्या किंवा मामाच्या भट्टीजवळ राहून शिकू शकतो. आधी झाडलोट आणि स्वयंपाक, मग तेजाब, मग काटा, आणि काटा हाती आला की काही दिवसांत दुसऱ्या शहरातली गल्ली. भांडवल थोडे, हत्यारे थोडी, नियम मोजके. जे सोपे असते ते दुसऱ्याच्या हाती देता येते.

वारकरी पंथाचा प्रसार याच न्यायाने झाला. यज्ञाला ऋत्विज लागतात, सामग्री लागते, अधिकार लागतो. वारकऱ्याला गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, आषाढी-कार्तिकीची वारी आणि मुखात नाम. व्रते, तीर्थे, नवससायास, बारा देवांचे बारा उपचार, हे सगळे बाजूला सारून एक देव आणि एक नाम ठेवल्यामुळे कुणब्याला, माळ्याला, न्हाव्याला, कुंभाराला ते आपापले काम न सोडता घेता आले. सावता माळ्यांनी अरण सोडले नाही आणि गोरा कुंभारांचे चाक थांबले नाही. साधन सोपे केल्याने साध्य हलके होत नाही, हे पटवण्यासाठी ज्ञानदेवांनी गीतेच्या त्याच ४१व्या श्लोकावर लिहिताना दिव्याच्या इवल्या ज्योतीचा दाखला दिला आहे. ज्योत लहान, पण उजेड लहान नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली ती शके १२१२मध्ये, म्हणजे इ.स. १२९०मध्ये. त्यानंतरच्या सात शतकांत पंढरीची वाट रुंदच होत गेली.

इथपर्यंत सगळे जुळते, आणि इथेच गीता अडवते. तो श्लोक एकटा वाचला तर एका वस्तूवर लक्ष केंद्रित करणाऱ्या व्यापाऱ्याला तो आशीर्वाद वाटेल. पण पुढचे तीन श्लोक बहुशाखा बुद्धीचे कारण सांगतात, आणि ते कारण वस्तूंची संख्या नाही. फळावर डोळा असणे हे ते कारण. भोग आणि ऐश्वर्य ह्यांत मन गुंतलेल्यांची बुद्धी एकाग्र होत नाही, मग ते एकच यज्ञ करोत की शंभर. त्या हिशेबाने पाहिले तर ‘कमी केले की जास्त खपते’ म्हणून दहा वस्तूंची एक करणारा दुकानदार बाहेरून एकशाखा आणि आतून बहुशाखाच राहतो. त्याने माल छाटला, वासना छाटली नाही. टीकाकार म्हणतील की व्यापाऱ्याकडून निष्काम कर्माची अपेक्षाच चुकीची. तसे असेल, पण मग त्याच्या छाटणीला अध्यात्माचे वस्त्र नेसवणेही चुकीचे, आणि हल्ली ते सर्रास नेसवले जाते.

खऱ्या सोडण्याचे उदाहरण हवे असेल तर देहूचे आहे. तुकाराम हे वाण्याचा व्यवसाय आणि महाजनकी असलेल्या घरातले. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घर कोसळले. पुढे कर्जखतांची वाटणी झाली आणि धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. यात धंदा सोपा झाला नाही, संपला. ऋणकोंची मात्र सुटका झाली. वाढ म्हणायची तर ती त्यांच्या अभंगांची. सोडण्याचा हा प्रकार आणि गलाईवाल्याचा प्रकार यांना एका नावाने संबोधणे भाषेवर अन्याय आहे.

या दोन टोकांच्या मधली, गृहस्थाला झेपेल अशी वाट जैन आचारधर्माने सर्वांत बारकाईने आखली. साधूला अपरिग्रह पूर्ण. श्रावकाला परिग्रह-परिमाण, म्हणजे मालमत्तेची मर्यादा स्वतःच आधी ठरवून घेणे. त्याच्या जोडीला दिग्व्रत आहे, अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही हा नेम. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या दिगंबर ग्रंथात ते तीन गुणव्रतांपैकी एक आहे. श्वेतांबर परंपरेत बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावेत असे पंधरा धंदे सांगितले, आणि त्यांतल्या पहिल्या अंगारकर्मात, म्हणजे विस्तवावर चालणाऱ्या धंद्यांत, कुंभार आणि लोहाराबरोबर सोनारकामही बसते. गलाई तर निव्वळ विस्तव आणि आम्ल. याच परंपरेतला आवडता दृष्टान्त पुन्हा सोन्याच्या भट्टीचाच असावा, हा योग मजेशीर आहे. जीव आणि कर्म अनादि काळापासून खाणीतल्या सोन्या-दगडासारखे एकत्र आहेत आणि तपाच्या आगीनेच ते वेगळे होतात, असे जैन आचार्य सांगतात.

दिग्व्रत आणि गलाई शेजारी ठेवली की सोपेपणाचे दोन वेगळे अर्थ दिसतात. गलाईवाल्याने कामाला कुंपण घातले आणि दिशा मोकळ्या सोडल्या. केरळ म्हणू नये, काश्मीर म्हणू नये. दिग्व्रताने दिशांना कुंपण घातले. एकात मर्यादा हे पसरण्याचे साधन आहे, दुसऱ्यात पसरणे आवरण्याचे. आजचा व्यापारी सल्ला पहिलीच मर्यादा ओळखतो. पण दहा वस्तूंतल्या नऊ टाकून उरलेल्या एकीची हजार दुकाने काढणारा मनुष्य श्रावकाच्या दृष्टीने काहीच सोडून आलेला नाही.

कामाच्या बाबतीतही ‘एक’ म्हणजे काय, हे वाटते तितके स्पष्ट नाही. कडेगावाशेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातून बाहेर पडावे लागल्यावर औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर १९१०मध्ये हा कारखाना आणि त्याभोवतीचे गाव वसवले. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, आणि तरी नांगरच त्यांच्या नावाशी जोडला गेला. पण किर्लोस्करवाडी एका नांगरावर वाढली नाही. कडबा कापायची यंत्रे, उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पंप, जोडीला १९२०पासून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक. छाटणीच्या पुरस्कर्त्यांना हा पसारा अडचणीचा वाटेल. तरी त्या यंत्रांकडे पाहिले तर माल अनेक आणि माणूस एक, तो म्हणजे बैल, बांध आणि विहीर असलेला शेतकरी. गलाईवाल्याने काम एक धरले, किर्लोस्करांनी बराच काळ गिऱ्हाईक एक धरले. निश्चय दोन्हीकडे आहे, मोजमाप वेगळे. वस्तूंची यादी मोजून व्यवसायात्मिका बुद्धी ठरवता येत नाही ती यासाठी.

आणि बहुशाखेला सरसकट दोष देणे या मुलखात तरी शोभत नाही. कोरडवाहू रानात ज्वारीच्या पिकात तूर असे, कडेला करडई, कुठे मटकी, कुठे हुलगा. पाऊस लांबला तर एक जाई, दुसरे हाती लागे. त्या शेतकऱ्याची बुद्धी अनेक फांद्यांची होती, कारण आभाळाचा भरवसा नव्हता; ते अनिश्चयाचे शहाणे उत्तर होते. टेंभू-ताकारीचे पाणी आले तसा उसाचा फड पसरला. शेत सोपे झाले: एक पीक, एक गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाना, एक मोठी रक्कम. उत्पन्न वाढले, हे कुणी नाकारणार नाही. पण तोड वेळेवर मिळाली नाही की पूर्वी पाच पिकांत वाटली गेलेली धास्ती आता एका पिकावर येते. अनेकपणा ही भीतीने केलेली तरतूद असते आणि एकपणाला मागे कुणीतरी खंबीर उभे लागते. पाणी, काटा, भाऊबंद, किंवा देव.

गलाईवाल्याच्या मागे कोण उभे होते, हे विचारले की उत्तर गावाकडे जाते. एक भाऊ परमुलखात भट्टीवर, दुसरा घरची शेती आणि म्हातारी माणसे सांभाळणारा, तिसरा पोलिसात किंवा फौजेत, आणि वर्षानुवर्षे नवऱ्याशिवाय संसार ओढणारी बायको, अशी घरे या पट्ट्यात नवी नाहीत. दुकान एकशाखा राहू शकले, कारण घर बहुशाखा होते. भट्टीवरच्या माणसाने म्हशीची धार, आईचे औषध, बांधाचे भांडण, पोरांची शाळा हे सगळे सोडले असे म्हणणे सोपे आहे. ते नाहीसे झाले नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर गेले. गलाईच्या यशाच्या कथांत लगडी चमकतात आणि हे खांदे अंधारात राहतात.

धर्मशास्त्राला ही गोष्ट ठाऊक होती. ‘मनुस्मृती’च्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाश्रमाला वाऱ्याची उपमा आहे. सगळे प्राणी जसे वाऱ्यावर जगतात तसे बाकीचे आश्रम गृहस्थावर जगतात. संन्याशाच्या झोळीत माधुकरी पडते, कारण चार घरी चूल पेटलेली असते, दळण-कांडण झालेले असते. ज्याने सगळे सोडले त्याचे सोडणे निभावते, कारण कुणीतरी काहीच सोडलेले नसते. स्मृतीने म्हणून गृहस्थाला ज्येष्ठ ठरवले. घरातल्या बाईला मात्र त्या ज्येष्ठत्वातला वाटा दिला नाही, ही त्या हिशेबातली मोठी घट. साधेपणाची प्रशस्ती करणाऱ्या ग्रंथांत ‘मी काय सोडले’ हे पानोपानी येते. ‘मी सोडलेले कोणी उचलले’ हा प्रश्न शोधावा लागतो.

लहान धंद्यालाही हा प्रश्न टळत नाही. कापडदुकानाने शिवणकाम बंद केले की ते काम गल्लीतल्या शिंप्याकडे जाते, आणि तसे गेल्याने दोघांचेही चालत असेल तर ती छाटणी गावाला पोसणारी. खानावळीने थाळीतून भाकरी काढून टाकली कारण भाकरी थापायला वेळ जातो, तर भाकरी थापणाऱ्या बाईचा रोजगार गेला, ही वेगळी छाटणी. हिशेबाच्या वहीत दोन्हींची नोंद सारखीच दिसते. बलुतेदारीच्या गावगाड्यात प्रत्येकाने एकच काम धरलेले असे आणि सुगीला खळ्यावर त्याचे माप चुकते होई. तिथल्या एकपणाला जन्माची सक्ती होती, म्हणून त्याचे गोडवे गाता येत नाहीत. तरी एकाने सोडलेले काम कुणाच्या पदरी गेले, हे तिथे निदान गावाला ठाऊक असे.

भट्टीवरची रीत या बाबतीत धर्मग्रंथांपेक्षा काटेकोर आहे. तेजाबात विरघळलेली चांदी कुणी टाकून देत नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबे विरघळत जाते आणि चांदी तळाशी करड्या चुऱ्यासारखी बसते. ती गाळून, धुऊन, पुढच्या खेपेला पुन्हा सोन्यात घालायला वापरतात. फुटक्या मुशी कुटून त्यांतले कण काढतात, दुकानाचा केर साठवून ठेवतात, हात धुतलेले पाणीही गाळतात. सोन्यापासून जे जे वेगळे केले त्याचा हिशेब लागतो. उरते ते तांब्याने निळे झालेले आम्लाचे पाणी, आणि दाणे उकळताना उठणारा तांबूस, घसा धरणारा धूर. त्याच्यासाठी उंच धुराडे आणि ते पाणी निवळण्याची सोय जिथे आहे तिथे ठीक. जिथे नाही तिथे पाणी गटारात जाते आणि धूर वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या खिडकीत. काट्यावर त्याचे वजन येत नाही.